उलट टपाली : दूरदर्शनला प्रेक्षकांनी दिलेली उत्तरे

#थ्रेड

१९८४-८५ मध्ये दिल्लीच्या दूरदर्शन केंद्रात एका लग्नाच्या शुभेच्छांच्या तारा येऊन पडू लागल्या. वधू बडकी, वर डॉ. अश्विनी. उत्तर भारतातल्या काही गावांत लग्नाच्या वेळी दुकाने बंद ठेवून लोक एकत्र जमले, अशी नोंद या मालिकेवरच्या अभ्यासांत सापडते. अडचण एवढीच, की ही वधू आणि हा वर दोघेही मनोहर श्याम जोशी या लेखकाच्या कागदावर जन्मले होते. ‘हम लोग’ मालिकेतली ती पात्रे होती.

हा प्रसंग हल्ली सांगितला जातो तो हसण्यासाठी. किती भोळे होते लोक! पडद्यावरच्या लग्नाला तार करतात! मला हे हसणे फारसे पटत नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडत. पोस्टात जाऊन रांगेत उभे राहून, शब्द मोजून, पैसे भरून जो माणूस तार करतो त्याला बडकी हे पात्र आहे हे ठाऊक असते. तरीही तो तार करतो. कारण त्याला काही सांगायचे असते. निम्न मध्यमवर्गीय घरातली, दिसायला चारचौघींसारखी, नोकरी करणारी थोरली मुलगी आपल्या आवडीच्या माणसाशी लग्न करते, आणि कोणी अनोळखी गृहस्थ सरकारी प्रसारण केंद्राला कळवतो की हे चांगले झाले. ही भाबडी कृती नव्हे, हे मतप्रदर्शन आहे.

मागच्या थ्रेडखाली एका वाचकाने विचारले होते, ‘मालिका संपल्यावर पाच मिनिटांत सगळे आपापले मत लिहून मोकळे होतात, ही सवय नवीनच ना?’ नाही. या सवयीला आपल्याकडे किमान सहा दशकांचा इतिहास आहे. त्यातल्या काही ठळक जागा आज पाहू. थ्रेड लांबणार आहे, सवडीने वाचा.

सुरुवात दूरचित्रवाणीच्याही आधी, आणि मराठीत.

१९५६ च्या आरंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली गेली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, शेती आणि गावगाड्याविषयीचा मराठी कार्यक्रम. एकूण वीस कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचे, आणि चर्चेत निघालेले मुद्दे व शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. कल्पना मूळची कॅनडातली होती, तिथे शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळे आधीपासून चालत. पण भारतात ‘ऐकलेत ना, आता तुम्ही बोला’ असे प्रसारण संस्थेने श्रोत्याला रीतसर म्हणण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. प्रमुख होते पॉल नॉयराथ. (थोडे विषयांतर, पण राहवत नाही : हे ऑटो नॉयराथ या व्हिएन्नाच्या तत्त्वज्ञाचे चिरंजीव. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना पकडले, दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून ते वाचले, अमेरिकेत जाऊन समाजशास्त्रज्ञ झाले आणि अठरा वर्षांनी नगर-नाशिककडच्या शेतकऱ्यांना कार्यक्रम कसा वाटला याचा अभ्यास करू लागले. इतिहासाच्या वाटा अशाच असतात.)

नॉयराथ यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत भरघोस वाढ झाली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तिथली वाढ जवळजवळ नगण्य, रेडिओ नसलेल्या गावांच्याच पंगतीला बसणारी. म्हणजे फरक यंत्राने पाडला नव्हता. ऐकल्यानंतरच्या बोलण्याने पाडला होता.

दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली तेव्हा हाच धडा गिरवला गेला. युनेस्कोच्याच मदतीने ‘टेलिक्लब’ निघाले : एकत्र पाहा, चर्चा करा, कळवा. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गावकरी काय पाहतात, काय बोलतात हे टिपायला संशोधक काही गावांत जाऊन राहिले होते. काळ आणीबाणीचा. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना सरकारचीच माणसे चावडीवर बसून ‘कार्यक्रम आवडला का?’ असे विचारत होती. या विसंगतीवर स्वतंत्र थ्रेड होईल, म्हणून इथे एवढेच.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती. प्रतिक्रिया मागितली जात होती, आणि मागणारा ठरवत होता की कशाविषयी बोलायचे. खताविषयी विचारले तर खताविषयी सांगायचे. प्रेक्षकाने न विचारता, आपल्या मनाने, हव्या त्या विषयावर आणि लाखोंच्या संख्येने बोलणे हे घडले ते ‘हम लोग’च्या वेळी.

त्या मालिकेच्या जन्मकथेत एक विदर्भातला माणूस आहे. वसंत साठे. नागपूरचे वकील, काँग्रेसचे खासदार, १९८० नंतर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री. रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरणारे म्हणून ते आपल्याला आठवतात. मेक्सिकोच्या दौऱ्यात त्यांनी तिथला एक प्रकार पाहिला. मिगेल साबिदो हा नाटकवाला दिग्दर्शक ‘तेलेविसा’ या वाहिनीसाठी अशा मालिका करत होता, ज्या वरवर पाहता घराघरांतली रडारड होत्या, पण पोटात एक सामाजिक हेतू बाळगून होत्या. एकीत प्रौढ साक्षरता, दुसरीत कुटुंबनियोजन.

साबिदोला ही युक्ती सुचली तीही प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेवरून. १९६९ मध्ये पेरूमध्ये ‘सिंप्लेमेंते मारिया’ नावाची मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण मारिया शिवणकाम शिकते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते. मालिका पाहून लॅटिन अमेरिकेतल्या मुली शिवणवर्गांत नावे घालू लागल्या, शिलाई यंत्रांचा खप वाढला. मारियाच्या लग्नाच्या प्रसंगाचे चित्रीकरण लिमातल्या चर्चमध्ये होते, तर हजारो लोक नटूनथटून तिथे हजर! मालिका करणाऱ्यांच्या मनात यातले काहीच नव्हते. साबिदोने विचार केला, न ठरवता एवढे होते तर ठरवून किती होईल?

त्याने एक साचा बनवला. पात्रे तीन प्रकारची : चांगल्या वागण्याचा नमुना, वाईट वागण्याचा नमुना, आणि मधले, डळमळणारे. चांगल्याला यश मिळावे, वाईटाला शासन, आणि डळमळणाऱ्याने हळूहळू चांगल्याकडे सरकावे. प्रेक्षक या तिसऱ्यात स्वतःला पाहील आणि त्याच्यासोबत बदलेल, असा हिशेब.

हा साचा दिल्लीत आला. साठे यांचे खाते तोवर बदलले होते. खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी काम पुढे नेले, जोशींनी लिहायला घेतले, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केले. पहिला भाग ७ जुलै १९८४ रोजी दिसला, शेवटचा १७ डिसेंबर १९८५ रोजी. एकूण १५६ भाग. प्रायोजक होते मॅगी नूडल्स. त्या काळात दूरदर्शनचे जाळे असे वेगाने पसरत होते की काही महिने जवळजवळ दररोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उघडत होते. म्हणजे देशातल्या पुष्कळ घरांत संच आला आणि त्यावर पहिल्यांदा मन लावून पाहिली गेली ती ही मालिका.

घर साधेच. बाप बसेसर राम, दारुडा. आई भागवंती, सोसणारी. आजोबा, आजी. थोरला लल्लू नोकरीच्या शोधात, धाकटा नन्हे क्रिकेटच्या नादात. मुली तीन : समाजकार्य करणारी बडकी (ही भूमिका करणाऱ्या सीमा भार्गव म्हणजे आजच्या सीमा पाहवा), चित्रपटात जाण्याची स्वप्ने पाहणारी मझली, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी. प्रत्येक भाग संपला की ज्येष्ठ नट अशोककुमार पडद्यावर येत, घडलेल्यावर मिश्कील भाष्य करत, प्रेक्षकांशी बोलत. पुढेपुढे निरोप घेताना ते ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत म्हणत.

सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश ठासून भरला होता. लोकांना तो रुचला नाही, आणि त्यांनी तसे कळवले. पहिल्या तेरा भागांनंतर उपदेश मागे सरकला आणि घरातले ताणतणाव पुढे आले. एका सरकारी मोहिमेचा मुख्य उद्देश प्रेक्षकांच्या नाराजीमुळे सौम्य करावा लागला, हे मला त्या १५६ भागांतल्या कोणत्याही नाट्याहून अधिक नाट्यमय वाटते.

मग पत्रे. सतरा महिन्यांत सुमारे चार लाख! काही दूरदर्शनला, काही नटांना, असंख्य अशोककुमारांना. तरुण मुलेमुली त्यांना लिहीत : आमच्या आईवडिलांना तुम्ही समजावा, आम्हाला आमच्या पसंतीने लग्न करायचे आहे. बडकीने काय करावे याचे सल्ले येत. बसेसर रामवर राग निघे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी पुढे या पत्रांतल्या काहींचे विश्लेषण केले आणि पत्रलेखकांशी संपर्कही साधला. आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांच्या लिखित प्रतिक्रियांचा इतक्या बारकाईने झालेला तो पहिलाच अभ्यास असावा.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थबकायला हवे. पत्रे कोण लिहितो? ज्याला लिहिता येते तो. ज्याच्या घरी किंवा शेजारी संच आहे तो. ज्याला दुपारी तासभर निवांत बसता येते, किंवा रात्री सगळे निजल्यावर. चार लाख हा आकडा मोठा खरा, पण तो ‘जनता’ नव्हे. सुदैवाने पत्रांखेरीज दुसरे साधनही आहे. १९८७ मध्ये दिल्ली परिसर, महाराष्ट्रातला मराठीभाषक भाग आणि मद्रास अशा तीन ठिकाणी मिळून ११७० प्रौढांची पाहणी झाली. मालिकेतले कोणते पात्र अनुकरणीय वाटते, असा एक प्रश्न तिच्यात होता.

साच्याप्रमाणे उत्तर ठरलेले होते. भागवंती हा वाईट नमुना. नवऱ्याचा मार आणि सासूचे बोलणे निमूट सोसणारी, मुलगे-मुली यांत भेद करणारी, परंपरेला चिकटलेली बाई. तिच्याकडे पाहून स्त्रियांनी म्हणायचे होते : असे जगायचे नाही. झाले उलटे. अनेकांनी, त्यातही मोठ्या संख्येने स्त्रियांनी, भागवंतीलाच आदर्श म्हणून निवडले.

योजनाकारांचा गोंधळ उडाला. साहित्यात याची चर्चा ‘प्रेक्षकांनी संदेश चुकीचा घेतला’ अशा सुरात होते. परंपरेचा पगडा, दुसरे काय? मीही एम. ए. च्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये हेच वाक्य आत्मविश्वासाने म्हणून आलो होतो. घरी आल्यावर आजीला सांगितले.

आजी त्या काळात पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहायची. संच मालकांकडे, पाहणारे सगळे बिऱ्हाडकरू. माझे बोलणे तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “भागवंतीचं काय चुकलं रे? दारुड्याचं घर, खाणारी तोंडं एवढी, आणि तरी पोरी शिकल्या. त्या शिकल्या कुणाच्या जिवावर? तुमचे शहाणे लोक बडकीकडं बघत होते. आम्ही बडकीच्या डब्याकडं बघत होतो. तो भरला कुणी?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आजीने दिल्लीला कार्डही टाकले होते, पंधरा पैशांचे, मराठीत. वाड्यातल्या बायका तिला हसल्या, दिल्लीत मराठी कोण वाचणार म्हणून. तिचे म्हणणे, तो शेवटी आपल्या भाषेत निरोप घेतो ना, मग वाचायची सोयही त्यानेच करावी! कार्डात काय लिहिले होते ते तिला आता नीट आठवत नाही. बसेसर रामला घराबाहेर काढा, असे काहीसे होते म्हणते.

साबिदोच्या साच्यात भागवंतीचे फक्त सोसणे मोजले होते, कारण नमुना ठरवणाऱ्यांना तेवढेच दिसत होते. पाहणाऱ्या बायकांना तिचे कष्ट दिसले. स्वयंपाक, पाणी, उधारी, म्हाताऱ्यांचे औषधपाणी : प्रसंगाच्या मागे, कॅमेऱ्याच्या कडेला चाललेले काम. त्यांनी त्या कामाला मान दिला. त्यात परंपरेचा पगडा नव्हताच असे मी म्हणत नाही. सोसण्याचे उदात्तीकरण आपल्या घराघरांत झाले आहे, आणि आजीही त्यातून सुटलेली नाही. पण ‘चुकीचा अर्थ’ या दोन शब्दांत ती प्रतिक्रिया मावत नाही. प्रश्नावलीत ‘का?’ या प्रश्नाला पुरेशी जागा असती, तर कदाचित आजीसारखी उत्तरे शेकड्यांनी हाती आली असती.

आता प्रतिक्रियेचे एक वेगळे रूप, ज्यात कागदाचा तुकडाही नाही.

रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी चालले. रस्ते ओस पडत, संचाला हार घातले जात, हे सगळे आपण ऐकून आहोत, त्यात वेळ घालवत नाही. कमी सांगितली जाते ती शेवटाची गोष्ट. मालिका राज्याभिषेकापाशी थांबणार होती. म्हणजे वाल्मीकींचा आश्रम नाही, लव-कुश नाहीत. उत्तर भारतात सफाईच्या कामाला जुंपल्या गेलेल्या ज्या समाजाने स्वतःला वाल्मीकींचे वंशज मानले आहे, त्याच्या दृष्टीने आपला पूर्वज कथेत खऱ्या अर्थाने येतो तिथेच कथा कापली जात होती. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. तो इतर शहरांतही पसरला, कचऱ्याचे ढीग साचू लागले. सरकारने पुढच्या भागाला मंजुरी दिली आणि उत्तरकांडावरची मालिका आली.

मालिकेचा शेवट आवडला नाही म्हणून पत्र लिहिणारे पुष्कळ. ज्यांच्या पत्राकडे कोणी पाहिलेच नसते, त्यांनी झाडू खाली ठेवला. रामायणाच्या दूरदर्शनीय आवृत्तीने देशाचे राजकारण कसे बदलले यावर अरविंद राजगोपाल यांचा मोठा ग्रंथ आहे, आणि तो वाचायलाच हवा. पण त्या मालिकेचा प्रेक्षक म्हणजे हात जोडून बसलेला एकसंध जमाव, असे चित्र ज्यांच्या मनात आहे त्यांनी जालंधरची आठवण जवळ ठेवावी. तेही भक्तच होते, आणि कथेत आपली जागा मागत होते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत एक प्रतिक्रिया न्यायालयात पोहोचली होती. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ दूरदर्शनवर चालू होती. फाळणीपूर्व पंजाबातली दंगल, मशिदीच्या पायरीवर टाकलेले डुकराचे कलेवर, आणि मग आग. या मालिकेने पुन्हा दंगली भडकतील असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि प्रक्षेपणाला तात्पुरती स्थगितीही मिळाली. प्रकरण खंडपीठापुढे गेले : न्या. बख्तावर लेंटिन (जे. जे. रुग्णालयातील औषधमृत्यूंची चौकशी करणारे तेच) आणि न्या. सुजाता मनोहर.

न्यायमूर्तींनी काय करावे? त्यांनी मालिका पाहिली. संपूर्ण, सगळे भाग, एका बैठकीत. आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच निर्णय उचलून धरला.

सर्वोच्च न्यायालयापुढचा खरा प्रश्न असा होता, की ‘प्रेक्षक’ म्हणजे कोण समजायचा? जो दृश्य पाहताच सुरा घेऊन धावेल तो, की जो विचार करेल तो? न्यायालयाने एक जुनी कसोटी वापरली, आणि ती आली होती नागपूर उच्च न्यायालयातून, न्या. व्हिव्हियन बोस यांच्या १९४० च्या दशकातल्या निकालातून. तिचा आशय असा, की शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर माणूस डोळ्यांपुढे ठेवावा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा कच्च्या मनाचा माणूस नव्हे. ‘तमस’चा प्रेक्षक असा समंजस आहे, असे गृहीत धरून ती मालिका देशाला दाखवली गेली.

विरोध करणाऱ्यांची भीती निराधार होती असे मात्र म्हणता येत नाही. पुढची पाच वर्षे आपल्याला ठाऊक आहेत. मुंबईला तर फारच चांगली. पण त्या पाच वर्षांच्या दोषारोपपत्रात ‘तमस’चे नाव कोणी घातलेले नाही.

प्रेक्षकांनी पडद्यासमोर बसून केलेली बोलणी टिपण्याचे काम पूर्णिमा मंकेकर यांनी केले. दिल्लीतल्या साध्या वस्त्यांत, बायकांच्या शेजारी बसून त्यांनी दूरदर्शन पाहिले. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात ‘महाभारत’ मालिकेतल्या द्रौपदी वस्त्रहरणावरचे प्रकरण आहे. मालिकेला तिथे धर्माचा ऱ्हास दाखवायचा होता. पाहणाऱ्या कित्येक बायकांनी त्या भरसभेत आपला कार्यालयाचा रस्ता, आपली बस, आपली सासुरवाडी पाहिली. भागवंतीच्या वेळी हुकलेला ‘का?’ मंकेकरांनी विचारला, म्हणून ही उत्तरे आपल्यापर्यंत पोहोचली.

आता पोस्टकार्डांची अखेर.

‘सुरभी’ १९९० मध्ये सुरू झाली आणि २००१ पर्यंत चालली. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न विचारत, उत्तरे पोस्टकार्डावर मागवत. एका आठवड्यात चौदा लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद लिम्का बुकात आहे. ‘हम लोग’ला सतरा महिन्यांत आली त्याच्या साडेतीन पट, सात दिवसांत! पंधरा पैशांचे कार्ड ही गरिबासाठी सरकारने तोटा सोसून चालवलेली सोय. ती अशी वापरली जाऊ लागल्यावर टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे कार्ड काढले, किंमत दोन रुपये.

लहानपणी ‘सुरभी’ पाहिलेल्या पिढीला या आठवणीने भरून येते आणि ते योग्यच आहे. पण अभ्यासक म्हणून त्या कार्डांकडे पाहिले की एक बदल खुपतो. चौदा लाख कार्डांवर मजकूर एकच : प्रश्नाचे बरोबर उत्तर, नाव, पत्ता. ‘हम लोग’च्या पत्रात माणूस भांडत होता. ‘सुरभी’च्या कार्डात तो सोडतीत भाग घेत होता. संख्या वाढली आणि आवाज बारीक झाला. पुढे वाहिन्यांनी एसेमेस मागवले तेव्हा तर उत्तर ‘अ’ किंवा ‘ब’ एवढेच उरले.

दरम्यान उपग्रह वाहिन्या आल्या, जाहिरातदारांना दर आठवड्याचा आकडा हवा होता, आणि मीटर आले. आधी ‘टॅम’, २०१५ पासून ‘बार्क’. निवडक घरांतल्या संचांवरून कोणती वाहिनी किती मिनिटे चालू होती ते कळते. भागवंती रडत असताना आजी कुणाच्या बाजूने होती, हे मीटरला कळत नाही. त्याच्या दृष्टीने आजी तेव्हा संचासमोर होती, बस्स. गेल्या काही वर्षांत मराठी मालिकांत नायिकेच्या सोशिकपणावर जेवढी टीका वाचनात येते तेवढीच त्या मालिकांची प्रेक्षकसंख्या मोठी असते. वाहिनीवाले आकड्याकडे बोट दाखवून म्हणतात, ‘लोकांना हेच आवडते.’ लोक त्यात नेमके काय पाहत आहेत, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नसते.

म्हणून एक विनंती. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘चिमणराव’, ‘रामायण’, ‘तमस’, कोणत्याही मालिकेविषयी तुमच्या घरातल्या कुणी पत्र लिहिले असेल, मुंबई केंद्राला लिहिले असेल, उत्तर आले असेल, लिहून टाकायचेच राहिलेले कार्ड एखाद्या पुस्तकात दडलेले असेल, तर खाली सांगा. आजी-आजोबा समोर असतील तर आजच विचारा. कोणती मालिका आवडायची, एवढेच विचारू नका. कुणाचा राग यायचा, आणि का, तेही विचारा. नावे-पत्ते झाकून फोटो टाकलात तर उत्तम. उत्तरे जमली की पुढचा थ्रेड त्यांचाच.

आजीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “आणि बसेसर रामचं शेवटी काय झालं रे? शेवटच्या भागाला वाड्यातली वीज गेली होती.”